रविवारचा धूर

परदेशी पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी आणि लान्स नायक भटू पाटील दोघेही सुट्टीवर होतो. मी सावद्याजवळ माझ्या गावी, तो शिंदखेड्याजवळ त्याच्या गावी. त्याचा फोन आला. देश कुठला, हवा कशी, परत कधी यायचं, यातलं काहीएक न बोलता त्याने विचारलं, "भाऊ, वांगास्नं बी लई लेऊ का?"

"घे. मी बी घेतो," मी म्हणालो. "मंग पाहू कोनाचं चांगलं येते."

आता मी एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून बसतो. पासबुक भरायला आलेले लोक रांगेत कंटाळले की विचारतात, "साहेब, तुम्ही फौजेत होते ना? कुठे लढले?" मी सांगतो, "आफ्रिकेत. वांग्यांवरून." लोक हसतात आणि विषय सोडून देतात. त्यांना वाटतं मी टाळतोय. मी टाळत नाही. म्हणून एकदा सगळं सरळ लिहून काढतो आहे.

मी हवालदार चौधरी. वडील सावद्याला केळीच्या ट्रका भरायचे. मला लहानपणापासून फौजेतच जायचं होतं, दुसरं काही सुचलंच नाही. जळगावच्या भरतीत धावलो, पास झालो, गेलो. माझ्या गोष्टीत एवढंच आहे.

भटूचं तसं नव्हतं. त्याला मास्तर व्हायचं होतं. डी.एड. झालेला माणूस. शिक्षक भरती निघेल म्हणून वाट पाहिली, ती निघाली नाही. शेवटी वय हातातून जायला लागलं तेव्हा मित्रांबरोबर धुळ्याच्या मैदानावर धावायला गेला आणि निवडला गेला. पलटणीत सगळे त्याला गुरुजी म्हणायचे. प्रमोशनच्या परीक्षेआधी मॅप रीडिंग शिकायला जवान त्याच्या चारपाईभोवती कोंडाळं करून बसत. मी त्याचा सीनियर, पण मलाही ग्रिड रेफरन्स त्यानेच पक्का करून दिला. ड्यूटीवर तो मला "उस्ताद" म्हणायचा आणि ड्यूटी संपली की "भाऊ".

आमचं रोजचं भांडण बोलीवरून. तो अहिराणी, मी लेवा. माझ्या बोलण्याला तो म्हणायचा, "हाई काय भाषा शे?" आणि मी शपथ घेतली होती की मरेपर्यंत याच्याशी अहिराणी बोलणार नाही. कळायची सगळी. बोलायचो नाही.

देशाचं नाव लिहीत नाही. आफ्रिकेच्या मध्यावरचा, तांबड्या मातीचा, भरपूर पावसाचा आणि भरपूर केळीचा देश. विमानातून खाली पाहिलं तर मला सावदाच दिसलं. आम्ही शांतिसेनेत गेलो होतो. डोक्यावर निळी टोपी, गाड्या पांढऱ्या. काम असं की, तिथली हत्यारबंद टोळकी एका जमातीच्या लोकांना शोधून शोधून मारत होती, त्या लोकांचं रक्षण करायचं. गोळी चालवायची ती स्वतःचा किंवा त्यांचा जीव वाचवायला. बाकी वेळ दिसत राहायचं. आम्ही आहोत हे दिसणं हीच अर्धी ड्यूटी होती.

आमची प्लॅटून एका टेकाडावरच्या पोस्टवर होती. कमांडर सुभेदार साहेब, राजस्थानचे, मिशा मोठ्या आणि बोलणं कमी. कंपनी हेडक्वार्टर डोंगरापलीकडे, रस्ता कोरडा असला तर दोन-अडीच तासांवर. टेकाडाखाली पंचवीस-तीस झोपड्यांचं गाव. गाव आणि पोस्ट यांच्यामध्ये एक नाला, त्यावर छोटी मोरी. गावाच्या पलीकडे नदी आणि नदीकाठी माणूस बुडेल एवढं उंच गवत. एवढी जागा लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजेल.

दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन आपापल्या जागी सज्ज राहणं, मग पीटी, नाश्ता, पेट्रोल, शस्त्रांची सफाई, संध्याकाळी रोल कॉल, पुन्हा स्टँड-टू. पावसात कपडे वाळत नसत. ओल्या सॉक्सवरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी शत्रूवरून झाली नाहीत.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही लंगरच्या मागे वाफे केले. लंगर म्हणजे आमचं फौजी स्वयंपाकघर. एका वाफ्यात माझं बी, ते मी मुद्दाम बामणोदच्या बाजूच्या नातेवाइकाकडून आणलेलं. भरिताची वांगी म्हटलं की अख्खा जिल्हा आमच्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या वाफ्यात भटूचं, त्याच्या आईने घरच्या वांग्यातून काढून राख लावून ठेवलेलं. रोपं वर आली तोच आठ दिवस धो धो पाऊस झाला आणि माझी सगळी रोपं मान टाकून मेली. भटूची उभी राहिली. पुढचे कित्येक दिवस तो माझ्या वाफ्यापाशी आला की टोपी काढून उभा राहायचा.

आमचा दुभाष्या इमॅन्युएल. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. तो मोठ्या शहरातल्या कॉलेजात गणित शिकवायचा. त्याच्या जमातीची धरपकड सुरू झाली तेव्हा त्याच्या घराला आग लावायला आलेल्यांत त्याचा एक जुना विद्यार्थी होता. हे त्याने आम्हाला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही. आईला घेऊन रानातून चालत तो तिच्या माहेरच्या या गावात आला. इंग्रजी येत होतं म्हणून आमच्याकडे दुभाष्याचं काम मिळालं. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, तोही त्या हाकेला ओ द्यायला शिकला.

मास्तरकी मिळाली नाही म्हणून शिपाई झालेला एक माणूस आणि मास्तर असून जिवाच्या भीतीने दुभाष्या झालेला दुसरा, अशी ही जोडी आमच्या गेटवर जमली. त्यांनी आंब्याखाली शाळा काढली. मास्तर त्यांच्या भाषेत शिकवायचा आणि भटू पाढे घ्यायचा, तेही मराठीत. दुपारी टेकाडावर बसलो की खालून पोरांचा सूर यायचा, "बे एके बे, बे दुणे चार." मास्तर डोक्याला हात लावायचा.

"ही मुलं मोठी होऊन हिशेब कुठल्या देशात करणार, गुरुजी?"

"जिथं जातील तिथं," भटू म्हणायचा. "पाढा सगळीकडे चालतो."

मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. त्याची भरती शेवटी निघाली होती, फक्त भलत्याच देशात.

आता धुराची गोष्ट. गावात फोन नव्हते. म्हणून सुभेदार साहेबांनी गावाशी ठरवलं की धोका असला तर पोस्टवर ओलं गवत जाळून धूर करायचा. धूर दिसला की सगळ्यांनी हातातलं टाकून कुंपणाच्या आत यायचं. रोल कॉलला साहेबांनी हे आम्हाला दोनदा बजावलं. आम्ही दोनदा "समझ गए साब" म्हणालो.

मग वांगी लागली. हिरवी, तुकतुकीत, एकेक तळहातावर न मावणारं. पहिल्या रविवारी आम्ही भरीत करायचं ठरवलं. लंगरमध्ये गॅस होता. लांगरीने म्हणजे आमच्या स्वयंपाक्याने सांगितलंही, गॅसवर भाजा. आम्ही दोघांनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे कुणी भरीत म्हणत नाही. वांगं भाजायचं ते शेतात, कपाशीच्या काड्यांवर. काड्या मिळत नव्हत्या, म्हणून मक्याची ताटं आणली. पावसाने ती ओली. फुंकून फुंकून पेटवली. असा काही धूर निघाला की डोळ्यांपुढचा हात दिसेना. भाजायच्या नादात आम्ही मान वर करून पाहिलंच नाही.

आधी आरडाओरडा ऐकू आला. मग पाहतो तर सगळं गाव टेकाड चढून येत होतं. बायकांच्या डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, पुरुषांच्या खांद्यावर शेळ्या. एकाने घराचं दारच उचलून आणलं होतं. आमचे जवान उड्या मारून मोर्चात म्हणजे खंदकात, एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन तयार, सुभेदार साहेब एका पायात बूट घालून बाहेर. ओपीवरच्या, म्हणजे टेहळणीच्या जागेवरच्या सेंट्रीने नियमाप्रमाणे कंपनीला रिपोर्ट देऊनही टाकला होता. वायरलेस सेट बोलायला लागला. साहेबांनी धुराच्या मुळाशी आम्हा दोघांना पाहिलं आणि सेट माझ्या हातात दिला.

"अल्फा फॉर अल्फा वन. सिच्युएशन कळवा. ओव्हर."

"अल्फा वन. सिच्युएशन नॉर्मल. ओव्हर."

"नॉर्मल? धुराचं कारण? ओव्हर."

"वांगी, सर. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

"ब्रिंजल, सर. भाजतोय. ओव्हर."

सेटवर नुसती खरखर. मग कंपनी कमांडर मेजर साहेबांचा आवाज, अगदी शांत. "वेट. आउट."

शिक्षा होणार हे कळलं. पण घाबरलेल्या माणसांना उपाशी परत कसं पाठवायचं? भटूने भाजलेली वांगी सोलली. ठेचायला आमच्याकडे लाकडाची बडगी असते, ती तिथे कुठून आणणार? एका बाईने आपलं लाकडी उखळ पुढे केलं. त्या बायका त्यात कंद कुटत, ज्याचा आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद. त्याच उखळात हिरव्या मिरच्या, लसूण, वांगी ठेचली, वरून फोडणी दिली. प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर आलं. बोटं चाटून लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मग ज्याने दार आणलं होतं तो काहीतरी बोलला आणि सगळं गाव हसलं. मास्तरने भाषांतर केलं, "तो म्हणतो, यासाठी असेल तर दार रोज आणीन."

आम्हा दोघांना सात दिवस पाण्याची फटीग मिळाली. म्हणजे नाल्यावरून जेरीकॅन वाहणं. पुढच्या रविवारी मेजर साहेब स्वतः आले. आम्ही सावधानमध्ये उभे. त्यांनी खिशातून स्वतःचा चमचा काढला आणि विचारलं, "कुठे आहे ते सिच्युएशन?" जेवून झाल्यावर त्यांनी हुकूम बदलला. धोक्याची खूण म्हणून हाताने फिरवायचा सायरन दिला. रविवारचा धूर मंजूर.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. भटूने प्रत्येक झोपडीला रोपं वाटली. दर रविवारी सकाळी धूर निघाला की गाव आपापली वांगी आणि आपापलं भांडं घेऊन, शिजवलेला कंद घेऊन, गप्पा मारत मोरी ओलांडून वर यायचं. भांडं ज्याने त्याने घरून आणायचं, हा नियम भटूचा. शेतातल्या भरिताच्या पार्टीला आमच्याकडेही ताट घरूनच नेतात.

सगळ्या गावात एकच व्यक्ती नाराज होती. मास्तरची आई. पहिल्या घासालाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने भटूला जे काही सुनावलं त्याचं भाषांतर मास्तरने केलं नाही. पुढच्या वेळी ती आलीच नाही. भटूला ते लागलं. तो तिच्यासाठी मिरचीआधीच थोडं भरीत वेगळं काढायला लागला. सगळ्यांचं जेवण झालं की ते आपल्या मेस टिनमध्ये, म्हणजे जवानाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात भरायचा आणि गावाच्या टोकाच्या तिच्या झोपडीत नेऊन द्यायचा. ती दारात बसून खायची आणि तो समोर बसून पाहायचा. मोकळा डबा ती कधी मोकळा द्यायची नाही. मूठभर शेंगा, एखादं कणीस, काहीतरी घालूनच परत. "मन्ही मायगतच शे," भटू म्हणायचा. आपल्या आईसारखीच आहे. तिलाही तो मायच म्हणायचा.

टूर, म्हणजे आमची तिथली मुदत, संपायला थोडे दिवस उरले होते. तो रविवारच होता. सकाळी आठच्या सुमारास मास्तर गेटवर आला. चेहरा नेहमीसारखा, बोलणं मात्र भराभर. नदीवर मासे धरायला गेलेल्या माणसाने उंच गवतात हत्यारबंद माणसं पाहिली होती. पुष्कळ. ती गावावर नजर ठेवून बसली होती. त्यांची पद्धत आम्हाला माहीत होती. दिवसभर दबा धरायचा, अंधार पडला की गाव घेरायचं, मग कुणी सुटत नाही.

सुभेदार साहेबांनी कंपनीला कळवलं. रात्रीच्या पावसाने रस्ता खचला होता. मदत निघाली, पण दुपार टळल्यावर पोहोचणार होती. साहेबांनी सायरनकडे पाहिलं.

"साब, सायरन नको," भटू म्हणाला. "सायरन वाजला की लोक पळतील. लोक पळाले की गवतातले उठतील. मोरीपर्यंत अर्धेही पोहोचणार नाहीत."

"फिर?"

"आज रविवार आहे, साब. धूर करू."

गवतातली माणसं काही आज पहिल्यांदा आली नव्हती. त्यांचे टेहळे कितीतरी रविवार हे पाहत असणार. धूर निघतो, गाव भांडी घेऊन वर जातं, जेवतं, परत येतं. त्यात त्यांना नवीन काही वाटणार नव्हतं.

"आग जलाओ," साहेब म्हणाले. "कोई भागेगा नहीं. कोई बताएगा नहीं."

गावात कुणालाही खरं सांगायचं नाही असं ठरलं. एकाला कळलं असतं तर तो धावला असता. आम्ही मक्याची ओली ताटं पेटवली. वांगी बागेत जेमतेम टोपलीभर होती, तीही भाजायला घातली, कारण वास यायला हवा. एलएमजी मोर्चात होती, पण मोर्चाबाहेर जवान बनियनवर कांदे चिरत बसले. मी स्वतः कांदे चिरले. इतके बारीक मी आयुष्यात चिरले नाहीत. मास्तर नेहमीसारखा गेटवर उभा राहून येईल त्याचं हसून स्वागत करत होता. त्याला शोधत फिरणारी माणसं समोरच्या गवतात बसली होती आणि त्याला त्यांच्याकडे पाहायचीही मनाई होती. धैर्य म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी तो हसणारा चेहरा सांगतो.

गाव आलं. नेहमीसारखं, आरामात, वाटेत थांबत, पोरांना हाका मारत. मला ओरडावंसं वाटत होतं की बाबांनो, पाय उचला. बाराच्या आसपास बहुतेक सगळे आत होते. मास्तरने शेजारणीला निरोप दिला होता की आज आईला हात धरून आण. शेजारीण एकटीच आली.

"ती म्हणाली, मी कशाला येऊ? माझा डबा घरी येतो."

मास्तरच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. तो गेटबाहेर पडायला निघाला. भटूने त्याचा दंड धरला.

"तुम्ही नका जाऊ. तुम्ही मधूनच खाली निघालात की ते समजतील. मी दर रविवारी जातो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. साहेबांनाही ते कळत होतं. त्यांनी मला दोन जवान घेऊन नाल्याच्या आडोशाने मोरीपर्यंत जायला सांगितलं. कव्हर द्यायला. भटूने नेहमीसारखं मिरचीविना भरीत डब्यात भरलं, रायफल पाठीला टाकली.

"भाऊ, मी डबा दीसन येस," तो म्हणाला आणि निघाला.

मी मोरीखालून पाहत होतो. तो शीळ घालत चालला होता. झोपडीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर कळलं, म्हातारीला चालत चल म्हटलं तर ती आधी जेवते म्हणाली, आणि यानेही तिला चार घास खाऊ दिले. मग तो बाहेर आला तो तिला पाठीवर घेऊन, रायफल पुढे छातीवर. तिच्या हातात डबा. गावातून तो चालतच आला. शेवटचं घर ओलांडून उघड्यावर आला तेव्हा गवतातल्या कुणालातरी शंका आली असावी. गाव रिकामं आहे हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असेल.

गोळ्यांचा पहिला बर्स्ट डोक्यावरून गेला. भटू धावला. आम्ही फायर उघडला, वरून एलएमजीही सुरू झाली. मोरीपाशी पोहोचल्यावर त्याने म्हातारीला आधी नाल्यात, माझ्या अंगावर सोडलं. स्वतः उतरायला वळला आणि तेवढ्यात त्याला लागलं.

आम्ही त्याला आत ओढलं. फील्ड ड्रेसिंग बांधलं, दाबून धरलं. म्हातारी त्याच्या उशाशी बसली होती आणि तिने डबा सोडला नव्हता. वर फायर चालू होता. भटूने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ. बठ्ठा ऊनात का?" सगळे आले का, असं तो विचारत होता.

"बठ्ठा ऊनात," मी म्हणालो.

तो हसला. मी अहिराणी बोललो म्हणून हसला, हे मला पक्कं माहीत आहे. हेलिकॉप्टर येण्याआधी तो गेला.

दुपारनंतर कंपनीच्या गाड्या आल्या तेव्हा गवत रिकामं झालं होतं. जाता जाता त्यांनी झोपड्या पेटवल्या. घरं गेली. गावातलं एकही माणूस गेलं नाही. संध्याकाळी रोल कॉलला सुभेदार साहेबांनी सवयीने त्याचं नाव पुकारलं. मी रडलो. सावधानमध्ये उभा राहून रडलो आणि साहेबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गाव मोठ्या कॅम्पमध्ये हलवलं गेलं, तिथून सरहद्दीपलीकडे. आम्ही भारतात परतलो. भटूला पदक मिळालं, ते त्याच्या आईने घेतलं. ज्या झेडपीच्या शाळेत आपली नेमणूक व्हावी असं त्याला वाटायचं, त्याच शाळेत आता त्याचा फोटो आहे. पोरं त्याच्याखाली बसून पाढे म्हणतात. मी मुदत भरून निवृत्त झालो, बँकेत लागलो, केळीची थोडी शेती करतो.

मास्तर कुठल्या कुठे गेला. आधी निर्वासितांच्या छावणीत तंबूतली शाळा, मग दुसरी छावणी, मग तिसऱ्याच देशात नोकरी. आता तो शिक्षकांना शिकवतो. ज्याचं घर-दार, कॉलेज सगळं जळालं तो पुन्हा मास्तर झाला, आणि ज्याला मास्तर व्हायचं होतं तो त्याच्या आईला पाठीवर आणताना गेला. याचा हिशेब मला लागत नाही. भटूला कदाचित लागला असता.

गेल्या हिवाळ्यात मास्तरचा फोन आला. कसल्याशा ट्रेनिंगला पुण्यात आला होता. "शिंदखेडा किती लांब आहे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "रविवारी ये."

जळगाव स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेलो. केस पांढरे, चष्मा नवा, अंगात कोट. गाडीतून अमळनेरमार्गे जाताना तो कपाशी पाहत होता, मी त्याला सांगत होतो, आणि दोघेही खरं बोलायचं टाळत होतो. भटूचं शेत रस्त्यालगतच आहे. वळणावरून धूर दिसला. भटूच्या बायकोने, आमच्या वहिनीने, कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या. मास्तरने मला गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून थोडा वेळ धुराकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "चल. चालतच जाऊ. धावायचं नाही."

भटूच्या आईला सगळे अक्का म्हणतात. आता पुष्कळ थकली आहे, पण भरीत अजून स्वतः ठेचते. मास्तर तिच्यापुढे मातीतच बसला. दुभाष्याचं काम आता माझ्याकडे होतं.

"तुन्ही माय शे का?" अक्काने विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाला. "दात नाहीत, पण आवाज तेवढाच आहे. तिनेच पाठवलंय."

त्याने बॅगेतून फडक्यात बांधलेली वस्तू काढली. मेस टिन. बुडाला भटूने खिळ्याने कोरलेला त्याचा नंबर आणि नाव. मी पाहिल्याबरोबर ओळखला. त्या दिवशी नाल्यात म्हातारीच्या हातात राहिला होता तोच डबा, इतकी वर्षं, तीन देश.

"आई म्हणाली, डबा उशिरा परत करतेय, पण मोकळा देत नाही."

अक्काने झाकण उघडलं. आत बी होतं. बारीक, चपटं, राखेत घोळलेलं. तिने चिमूटभर घेतलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"राख लायेल शे," ती हळूच म्हणाली.

"भटूनेच शिकवलं होतं," मास्तर म्हणाला. "पोस्टवरच्या वाफ्यातलं बी घेऊन पहिल्या छावणीत तंबूमागे वांगी लावली. दुसरीकडेही. जिथे गेलो तिथे आधी वांगी लावायची, मग चूल मांडायची. तिला आवडत नव्हती तरी."

हे बी विमानतळावरून कसं आलं, ते मी विचारलं नाही. फौजेत काही गोष्टी विचारत नाहीत.

वहिनी चुलीपाशी उभी होती, ती पुढे आली. घरचं हे बी दुष्काळाच्या वर्षी गेलं होतं. विहीर आटली, झाडं वाळली, बियांपुरतंही वांगं राहिलं नाही. तेव्हापासून या शेतात बाजारचं बी लागत होतं, आणि दर हिवाळ्यात अक्का पहिला घास खाऊन म्हणायची, ती चव नाही. मी मास्तरला हे सांगितलं तेव्हा त्याने कोटाच्या बाहीने चष्मा पुसला.

"आणखी एक निरोप आहे," तो म्हणाला. "आईने सांगितलंय, आता मी तिखट खाते."

अक्का हसली. इतकी हसली की पदर तोंडाला लावला, आणि मग तो डोळ्यांना लावला. डबा तिने मांडीवर घेतला. बुडावरच्या नावावरून बोट फिरवत राहिली. तिला वाचता येत नाही, पण ते काय लिहिलंय हे तिला सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याने हाक दिली, "अक्का, आज काय शे व? धूर कसाना?"

"मन्हा भटूना डबा ऊना," अक्का म्हणाली. "ये, जेवाले बस."

तो मळ्यातल्या खोपीत गेला आणि आपलं ताट घेऊन आला.